पेन्सिलीची सही

आमचे कर्जविभागाचे साहेब रस्ता एकट्याने कधी ओलांडत नसत. नाशिकला रविवार कारंजा चौकात आमच्या पतसंस्थेसमोर ते फुटपाथच्या कडेला उभे राहत, ओळखीचं कुणी येईपर्यंत थांबत, आणि मग त्या माणसाला गाड्या येतात त्या बाजूला ठेवून पलीकडे जात. चौदा वर्षं मी हे पाहिलं. त्यात निदान शंभर वेळा तरी गाड्यांच्या बाजूला मी होते. सुरुवातीला मला वाटायचं, बाईमाणसाला सोबत करतायत, किती सुसंस्कृत गृहस्थ! नोकरीत मी नवीन होते आणि माणसं ओळखण्यात तर फारच कच्ची होते.

दिसायला माणूस रुबाबदार. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आवाज इतका मऊ की कर्ज नाकारलेला माणूससुद्धा आभार मानून जिना उतरायचा. हाताखालच्या माणसांवर ते कधी ओरडले नाहीत. ओरडायला आधी आपण काहीतरी ठरवलेलं असावं लागतं, आणि ठरवणं हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. शनिवारी अर्धा दिवस भरला की आम्ही सगळे मिसळ खायला जायचो. साहेब प्लेट समोर घेऊन बसत आणि आमच्यापैकी एकाने पहिला घास खाईपर्यंत चमचा उचलत नसत. मग विचारत, "फार तिखट आहे का हो?" एकदा मी डोळ्यांत आलेलं पाणी तसंच मागे सारून म्हटलं, "छे, आज गोडच झालीय." त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्या दोन दिवसांत माझी तुंबलेली कामं उरकली.

मुलीचं लग्न जमवलं, तेव्हा बोलणी करायला स्वतः गेले नाहीत, धाकट्या भावाला पाठवलं. देणंघेणं भावाने ठरवलं, मुहूर्त मेव्हण्याने काढला, जेवणाचा बेत सासूबाईंवर सोपवला. पुढे जावयाचं आणि मुलीचं काही बिनसलं, तेव्हा साहेब ऑफिसात सुस्कारा सोडून म्हणाले, "मी तेव्हाच भावाला म्हणत होतो, नीट चौकशी कर." तो भाऊ पुन्हा त्यांच्या घराची पायरी चढला नाही, असं मी ऐकलं.

पण खरी कमाल पेन्सिलीची होती. कर्जाच्या प्रत्येक अर्जावर साहेबांचा शेरा लागे. अक्षर असं वळणदार की शाळेच्या फळ्यावर लिहायला बोलवावं. "अर्जदार योग्य वाटतो, मंजुरीस हरकत नाही," आणि खाली सही. सगळं पेन्सिलीने. शाईची सही संचालकांची. कर्ज नीट फिटलं की साहेब फाईल मागवून पेन्सिलीवरून शाई फिरवत. हप्ते थकले की फाईल मागवत आणि ड्रॉवरमधून खोडरबर काढत. शाळकरी पोरांचं असतं तसलं, गुलाबी, वासाचं. साहेबांनी शिफारस केलेलं एकही कर्ज आजवर बुडालं नाही असा त्यांचा लौकिक होता, आणि फायली काढून पाहिल्या तर तो खराही होता.

"जोखीम मरत नसते," ते म्हणायचे, "ती फक्त घर बदलते." हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचं. ते ऐकून मान डोलावणाऱ्यांत आमचे शिपाई सुकदेवमामा पुढे असायचे.

मामा कळवणकडचे. तरुणपणी नाशिकला आले, हमाली केली, मग पतसंस्थेत शिपाई म्हणून चिकटले. सगळी हयात भाड्याच्या एका खोलीत काढून त्यांनी पेठ रोडला दोन खोल्यांपुरती जागा घेतली होती. पगारातून पैसे उरतील तशा भिंती चढत होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी भिंती डोक्याच्या वर गेल्या आणि तिथेच थांबल्या, कारण स्लॅबला एकदम पैसा लागतो. सोमवारी कुणी ना कुणी विचारायचंच, "मामा, स्लॅब पडला का?" मामा हसून म्हणायचे, "पडंल ना. रिटायर होयाच्या आत पाडतो. पत्र्याखाली लय दिवस काढले, आता म्हातारीला गच्चीवर पापड वाळू घालायचे हे." म्हातारी म्हणजे त्यांची बायको. त्या बाईंनी वाळवणाच्या जागेवरून घरमालकिणीची बोलणी तीस वर्षं खाल्ली होती, त्यामुळे गच्ची हा त्या घरात चेष्टेचा विषय नव्हता.

आता जामिनाचं सांगते. आमच्याकडे कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागायचे. कर्जदाराने हप्ते थकवले की संस्था जामीनदाराला धरायची. आनंदाने जामीन राहिलेला माणूस मी तरी पाहिला नाही. मेव्हणा म्हणून, शेजारी म्हणून, लेकीच्या सासरचा म्हणून लोक सही करायचे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते जामीनदाराकडे पाहूनच म्हटलं असावं. पण त्या पद्धतीत एक शहाणपण होतं. जामीन राहिलेला माणूस झोपत नसे. रविवारी भाजीला निघाला की मुद्दाम वाकडी वाट करून कर्जदाराच्या दुकानासमोरून जायचा. शटर वर आहे ना, गिऱ्हाईक आहे ना, नवीन मोटारसायकल कशी काय आली, सगळं बघून यायचा आणि सोमवारी काउंटरवर आम्हाला सांगायचा. अर्धी वसुली आमच्या नोटिसांपेक्षा या चकरांनी होत होती.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी संस्थेने साहेबांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं. जाताना त्यांनी परतीचं रिझर्व्हेशन दोन गाड्यांचं केलं होतं. आले ते वेगळेच होऊन आले. तिथे सुटाबुटातल्या एका व्याख्यात्याने परदेशी बँका काय करतात ते सांगितलं होतं. बँक कर्ज देते. ते बुडेल ही धास्ती असतेच. मग ती बँक दुसऱ्या कुणाला ठरलेली फी देत राहते आणि कर्ज बुडालं तर भरपाई त्या दुसऱ्याने करायची असा करार करते. कर्ज आपल्या वहीत, धास्ती दुसऱ्याच्या उशाशी. याला क्रेडिट डेरिव्हेटिव्ह म्हणतात. आमच्या कॅशियरला ते खोकल्याच्या औषधाचं नाव वाटलं. साहेबांचे डोळे मात्र भरून आले होते. आपण जन्मभर स्वभावाने जे करत आलो, त्याला साता समुद्रापलीकडे शास्त्र म्हणतात हे कळल्यावर माणूस गहिवरणारच.

महिन्याभरात साहेबांनी त्याची नाशिकची आवृत्ती काढली. नाव दिलं, पाठराखण योजना. डबा खाताना आम्हाला समजावून सांगितलं, "नवी नवरी सासरी जाते, सोबत पाठराखीण जाते की नाही? तसा प्रत्येक जामीनदारामागे एक पाठराखा. जामीनदाराने त्याला महिन्याला थोडे पैसे द्यायचे. कर्ज फिटलं, पाठराख्याला फुकटचा लाभ. नाही फिटलं, तर जामीनदाराचं नुकसान पाठराख्याने भरायचं. स्टॅम्पपेपरवर, रीतसर."

मी विचारलं, "आणि यात संस्थेचा संबंध?"

"काहीच नाही," साहेब प्रसन्न हसले. "तेच तर सौंदर्य आहे. आणि कोणाच्या मागे कोण उभा आहे, हे एकमेकांना विचारायचं नाही. कागद सगळे माझ्या कपाटात."

प्रत्येक कागद त्यांच्या हातचा, त्याच वळणदार अक्षरात. पहिल्या महिन्याची फी लिहिणावळ म्हणून त्यांची. नाव मात्र कागदावर कुठेच नाही.

योजना जोरात चालली. पूर्वी ज्यांना जामीन मिळवायला जोडे झिजवावे लागत, त्यांना आता चहाच्या टपरीवर जामीनदार मिळू लागले, कारण मागे पाठराखा होता. संस्थेचं कर्जवाटप वाढलं, अध्यक्षांनी वार्षिक सभेत साहेबांना शाल दिली. आणि रविवारच्या त्या वाकड्या वाटा बंद झाल्या. कर्जदाराच्या दुकानाचं शटर वर आहे की खाली, बघायला कुणी जाईना. जामीनदार म्हणे पाठराखा बघेल. पाठराख्याला कर्जदाराचं दुकान कुठल्या गल्लीत आहे हेही माहीत नसे.

माझ्या नवऱ्याचा एक मावसभाऊ देवळाली कॅम्पात राहायचा. ट्रॅव्हल्सचा धंदा, दोन बस, गळ्यात चेन, सगळे त्याला शेठ म्हणत. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला लोटणाऱ्या माणसांचा हिशोब मनात करून त्याने तिसऱ्या बससाठी आमच्याकडे कर्ज मागितलं. एक जामीनदार त्याचा सासरा. दुसरी मी. आमच्या लग्नात वऱ्हाडाला याने बस फुकट दिली होती, हे सासूबाईंनी मला त्या आठवड्यात चार वेळा ऐकवलं. आमच्या संस्थेत नोकरांनी जामीन राहायला बंदी नव्हती. उलट पगार हाताशी असल्याने संचालकांना तेच बरं वाटायचं.

"घाबरता कशाला?" साहेब मला म्हणाले. "पाठराखा घ्या." आणि त्यांनी सुकदेवमामांना पुढे केलं. मामांनी आधीच दोन-तीन किरकोळ जामिनांची पाठराखण घेतली होती. त्या पैशांत सिमेंटची गोणी येते असा त्यांचा हिशोब होता.

या वेळी मामा कचरले. "हे लय मोठं हे साहेब. माझ्यावर आलं तर?"

"मग तुमच्यामागेही एक उभा करू," साहेब म्हणाले. "चांगला मालदार बघतो. फीमधले थोडे त्याच्यासाठी माझ्याकडे द्यायचे, बाकी तुमचे. झोपा निवांत."

दोनच दिवसांत त्यांनी मालदार माणूस मिळवला. कोण, ते मामांनी विचारलं नाही, कारण विचारायचं नव्हतं. सह्या झाल्या. कर्ज मंजूर झालं. मीही मग देवळालीला एकदाही चक्कर मारली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मामांच्या हातात दोनशे रुपये ठेवायचे आणि त्या मावसदिराचा विचार डोक्यातून काढून टाकायचा, असं माझं छान चाललं होतं.

सिंहस्थ झाला. वर्षभर तिन्ही बस धावल्या. मग साधू गेले, गर्दी गेली, तिसरी बस कॅम्पात वडाखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली, आणि तिच्या आडोशाने पहिल्या दोनही विकल्या गेल्या. मी रविवारी एकदा नुसती तिकडून गेले असते तरी मला दिसलं असतं. मला कळलं ते हप्ते थकल्यावर, आणि तोवर शेठ "सुरतेला जाऊन येतो" म्हणून गेले होते. ते अजून येतायत. बसचा लिलाव झाला, त्यात फारसं काही हाती लागलं नाही. सासऱ्याने घर आधीच मुलाच्या नावावर करून ठेवलं होतं. राहिले मी. माझा जवळजवळ दीड वर्षाचा पगार संस्था माझ्याकडून वसूल करणार होती आणि पहिल्याच महिन्यात निम्मा पगार कापलाही गेला.

मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मामांकडून मला एवढी रक्कम घ्यायची नाहीये, मामांच्या मागचा तो मालदार दाखवा. ते चुळबुळले, चष्मा पुसला, कपाट उघडायला हरकत घेतली. शेवटी मीच चावी घेतली. मामांच्या नावाच्या पाकिटात तो कागद होता. मामांचा पाठराखा म्हणून त्यावर सही होती माझ्या मावसदिराची.

मी तो कागद तीनदा वाचला. शेठचं कर्ज बुडालं तर मी भरायचं, माझं मामांनी भरायचं, आणि मामांचं शेठने! कर्जाच्या तीसेक कागदांत हा एक घुसडून साहेबांनी त्याची सही घेतली होती. मंजुरीच्या घाईत त्याने बहुधा वाचलाही नव्हता.

"साहेब, बुडणाऱ्यालाच बुडण्याची हमी द्यायला लावलीत?"

"त्या वेळी आपल्या ओळखीत सगळ्यात मालदार तोच होता," ते शांतपणे म्हणाले.

"तो बुडाला म्हणूनच मामांवर आलं ना? मग तो भरणार कुठून?"

"हे आत्ता तुम्ही म्हणताय. योजनेत दोष नाही. आणि माझी सही कुठे आहे दाखवा."

"अक्षर तुमचं आहे!"

"अक्षर म्हणजे सही नव्हे." आणि मग आवाज आणखी मऊ करून, जणू माझ्या भल्याचं सांगतायत असं म्हणाले, "तुम्ही इतक्या तापता कशाला? तुमच्या नावाच्या पाकिटात मामांचा कागद आहे, तो घरी न्या. तुमची जोखीम तुमच्याकडे नाहीच आहे. वसूल करा."

त्या क्षणी मला त्या माणसाची शिसारी आली. ती आजतागायत गेलेली नाही. पुढे ते निवृत्त झाले, सत्कार झाला, दुसरी शाल मिळाली. दोन हजार आठ साली गंगापूर रोडला सकाळी फिरताना भेटले, हातात पेपर. अमेरिकेत मोठमोठ्या बँका कोसळत होत्या. मला थांबवून अभिमानाने म्हणाले, "वाचलंत? त्यांनीही आपलीच योजना चालवली होती." मी म्हटलं, "आणि बुडाले ना?" तर म्हणतात, "बुडाले, पण माणसं निवडण्यात चुकले." मग रस्ता ओलांडायचा होता, म्हणून माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी घाई आहे असं सांगून निघून आले.

पण माझा तो मामांच्या सहीचा कागद. घरी नवरा रोज विचारायचा, "मामांना सांगितलंस का?" मी सांगत नव्हते. निम्म्या पगारात घर चालत नव्हतं, मुलाच्या क्लासची फी थकली होती, गॅस उधारीवर होता, तरी मी मामांसमोर तोंड उघडलं नाही. याचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं. आपण साहेबांसारख्या नाही, असं मी स्वतःला रोज बजावायचे. कागद मात्र कपाटात साड्यांच्या घडीखाली जपून ठेवला होता. तो फाडावा असं एकदाही मनात आलं नाही.

मामांना साहेबांनीच सांगितलं. मामा निवृत्त व्हायला सहा महिने होते, स्लॅबसाठी सळया आणि वाळू येऊन पडली होती, सेंट्रिंगवाल्याला विसार दिला होता. एका रविवारी सकाळी मामा सिडकोत आमच्या घरी आले. हातात रेक्झिनची पिशवी. चपला दाराबाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसले. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, आत गेला नाही आणि बाहेरही आला नाही.

"सळया दुकानदारानं परत घेतल्या," मामा म्हणाले. "कमी भावानं घेतल्या, पण घेतल्या. वाळू शेजारच्याला दिली. बाकीचं फंडातून उचललं. सगळे पैसे पिशवीत हे."

"मामा, मी मागितले का तुमच्याकडे?"

"नाय मागितले. म्हणून तर आलो. तुमच्यावर मागायची पाळी कशाला आणायची?"

"आणि घर?"

"पत्रे टाकतो ना. म्हातारीला सांगितलं तसं."

"काय म्हणाल्या त्या?"

"काय म्हणणार? दोन दिवस बोलली नाय. पण ताई, दोन वर्ष तुमचे पैसे घेतले मी. घेताना गोड लागले ना? मग आता कडू लागून कसं चालंल? तेवढा कागद द्या मला. घरी दाखवायला पाहिजे, का सुटलो म्हणून."

मला लाज वाटली. इतकी, की मामांच्या तोंडाकडे बघवेना. ठेवा तुमच्याकडे, हळूहळू बघू, निम्मं तुम्ही निम्मं मी, यातलं काहीही मला म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर होते. मी उठले, कपाट उघडलं, साड्यांखालून कागद काढून मामांना दिला. त्यांनी तो चार घड्या करून खिशात घातला आणि पिशवी माझ्यापुढे सरकवली.

"मोजून घ्या, ताई."

मी मोजून घेतले.